प्रोबेशनचा आढावा कसा घ्यावा: रुजू होण्याच्या तारखेपासून कायम करण्याच्या पत्रापर्यंत

प्रोबेशन संपायला चार दिवस उरले की एचआरचा मेल येतो, ‘कन्फर्मेशन फॉर्म भरून पाठवा.’ सुपरवायझर आठवून आठवून पाचपैकी तीन-चार असे गुण टाकतो, ‘काम समाधानकारक’ असा शेरा मारतो आणि माणूस कायम होतो. त्याच आठवड्यात काही बिनसलं असेल तर होत नाही. दोन्ही वेळा सहा महिन्यांचा निकाल चार दिवसांच्या आठवणीवर लागतो. नंतर एकतर नको तो माणूस गळ्यात पडतो, नाहीतर चांगला माणूस हातचा जातो. कधी कधी प्रकरण कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातं आणि तिथे दाखवायला फायलीत तो एक फॉर्म सोडला तर काहीच नसतं.

पुढचे टप्पे खासगी कारखाने आणि कार्यालयांसाठी आहेत. सरकारी परिवीक्षेचे (प्रोबेशनचे) नियम वेगळे, ते इथे घेतलेले नाहीत. उदाहरण एकच, शेवटपर्यंत तेच: वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एमआयडीसीतल्या कारखान्यात लागलेला स्टोअर असिस्टंट. रुजू १ जुलैला, प्रोबेशन सहा महिन्यांचं, म्हणजे शेवटचा दिवस ३१ डिसेंबर. पद बदललं की मोजमाप बदलेल, क्रम हाच राहील.

## टप्पा १: नेमणूक पत्र आधी वाचा

आढावा घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी आपल्या माणसाचं नेमणूक पत्र कधी पाहिलेलंच नसतं. ते एचआरच्या कपाटात असतं. त्याची प्रत मागून घ्या आणि चार गोष्टी शोधा.

१. प्रोबेशन नेमकं कोणत्या तारखेला संपतं.
२. ते वाढवण्याचा अधिकार पत्रात आहे का, आणि असल्यास जास्तीत जास्त किती.
३. लेखी पत्र मिळेपर्यंत कर्मचारी कायम समजला जाणार नाही, असं वाक्य आहे का.
४. प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची.

तिसऱ्या मुद्द्यावर बरेच जण फसतात. ‘पत्र दिलंच नाही, म्हणजे तो अजून प्रोबेशनवरच आहे’ हा समज सर्रास आहे आणि तो अर्धाच खरा आहे. नियमांत फक्त सुरुवातीची मुदत दिलेली असेल आणि कायम करण्यासाठी लेखी आदेश लागत असेल, तर नुसती मुदत उलटल्याने माणूस सहसा कायम होत नाही. पण नियमांनी वाढीव मुदतीचीही कमाल मर्यादा घातली असेल आणि ती ओलांडूनही माणसाला कामावर ठेवलं, तर तो कायम झाला असं धरलं जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६८ च्या धरम सिंग निकालापासून ही भूमिका आहे. म्हणून ‘कमाल’ हा शब्द पत्रात कुठे आहे ते शोधा आणि त्याखाली रेघ मारून ठेवा.

तपासा: कारखान्याला स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे प्रमाणित नियम (स्टँडिंग ऑर्डर्स) लागू आहेत का? असतील तर कामगारांसाठी त्यातली प्रोबेशनची मुदत पाहा. स्थायी आदेशात तीन महिने आणि पत्रात सहा, अशी विसंगती असेल तर वाद झाल्यावर पत्राचा आधार टिकणं अवघड. हे माणूस रुजू होण्याआधी कळलं तर दुरुस्त करता येतं.

## टप्पा २: तारखा शेवटाकडून मागे मोजा

कॅलेंडर घ्या, ३१ डिसेंबरवर खूण करा आणि मागे या.

- पत्र हातात देण्याची शेवटची तारीख: २० डिसेंबर
- निर्णयाची बैठक: १० डिसेंबरपूर्वी
- अंतिम आढावा, म्हणजे १५० वा दिवस: २७ नोव्हेंबर
- मधला मोठा आढावा, ९० वा दिवस: २८ सप्टेंबर
- ६० वा दिवस: २९ ऑगस्ट
- ३० वा दिवस: ३० जुलै
- पहिली विचारपूस: ७ जुलै

या सातही तारखा पहिल्याच दिवशी सुपरवायझर, एचआर आणि नवा कर्मचारी या तिघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. ६० व्या दिवसाच्या आसपास गणपती येतात आणि ११० ते १४० च्या दरम्यान दिवाळी. गावी जाणारे, शटडाउन, वर्षअखेरीची मोजदाद या गडबडीत आढावा ‘पुढच्या आठवड्यात’ ढकलला जातो आणि तो पुढचा आठवडा उगवत नाही. सण पाहून तारीख चार दिवस अलीकडे घ्या, पलीकडे नेऊ नका.

आणखी एक तारीख लिहून ठेवा, सेवेचा २४० वा दिवस. औद्योगिक कायद्यात वर्षभराची सलग सेवा मोजताना २४० दिवसांचा निकष लागतो, आणि त्यात साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सुट्ट्याही धरल्या जातात. १ जुलैला रुजू झालेल्या आणि बिनपगारी रजा न घेतलेल्या माणसाचा २४० वा दिवस २५ फेब्रुवारीला येतो. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवून ३१ मार्चपर्यंत नेलं तर ही रेषा ओलांडली जाते. त्यानंतर ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला कमी केलं, तर छाटणीची नोटीस आणि भरपाई यांचा वाद अंगावर येऊ शकतो. मुदतवाढीची सही करताना ही तारीख समोर हवी.

इशारा: २३८ व्या दिवशी कमी करून आठवड्याने पुन्हा घेणे, असले उद्योग करू नका. मस्टर आणि पीएफच्या नोंदींत ते उघड दिसतं, आणि मग सगळ्या आढाव्यांचीच विश्वासार्हता जाते.

## टप्पा ३: मोजमाप ठरवा, गुण नव्हे

‘प्रामाणिकपणा ४/५, पुढाकार ३/५, वक्तशीरपणा ४/५’ हा छापील फॉर्म फेकून देण्याच्या लायकीचा आहे. पुढाकाराचे तीन कशावरून दिले आणि चार का नाहीत, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याऐवजी त्या पदाची पाच-सहा कामं लिहा आणि प्रत्येकापुढे ‘जमलं’ म्हणजे काय दिसलं पाहिजे ते लिहा. सहापेक्षा जास्त नकोत. बारा ओळींचा तक्ता कोणी भरत नाही.

स्टोअर असिस्टंटसाठी:

१. माल आत घेणे. गाडी आली की चलन आणि पर्चेस ऑर्डर जुळवून, नग प्रत्यक्ष मोजून त्याच दिवशी जीआरएन (माल मिळाल्याची नोंद). ३० व्या दिवशी: कोणीतरी शेजारी असताना बिनचूक. ६० व्या दिवशी: एकट्याने, आठवड्याला दोनपेक्षा जास्त दुरुस्त्या नाहीत. १५० व्या दिवशी: कमी आलेला किंवा खराब माल स्वतः पकडून पर्चेसला कळवणे.

२. माल देणे. इश्यू स्लिपशिवाय माल बाहेर नाही, आणि शिफ्ट संपण्याआधी सगळ्या स्लिपा सिस्टिममध्ये.

३. आधीचा माल आधी. बिनमध्ये (माल ठेवायच्या कप्प्यात) जुना लॉट पुढे, नवा मागे. रबरचे भाग, चिकटद्रव्यं आणि रंग यांच्या मुदतीच्या तारखा विशेष.

४. शिल्लक जुळणे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २० बिन मोजायच्या. बिन कार्ड, सिस्टिम आणि प्रत्यक्ष नग तिन्ही जुळले पाहिजेत. ९० व्या दिवशी २० पैकी १७, १५० व्या दिवशी १९.

५. रिजेक्ट माल. लाल टॅग, वेगळी जागा, चांगल्या मालात मिसळ नाही. इथे सूट नाही, पहिल्या महिन्यापासून शंभर टक्के.

६. हजेरी आणि निरोप. उशीर होणार असेल तर शिफ्टआधी फोन.

हे आकडे कुठून आणायचे? आधी जुन्या, जमलेल्या माणसाचं काम दोन आठवडे मोजा. त्याच्या २० पैकी १८ बिन जुळत असतील, तर नव्याकडून १९ मागणं हास्यास्पद आहे. मग आधी स्टोअरच दुरुस्त करा. ही पायरी वगळली की मोजमाप कागदावर कडक आणि व्यवहारात खोटं ठरतं. तीन महिन्यांत सगळे ते विसरतात.

तक्त्याची एक प्रत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात द्या आणि मराठीत समजावून सांगा. इंग्रजी केआरए (कामाच्या अपेक्षांची यादी) वाचून सही केली म्हणजे समजलं, असं होत नाही. सही घ्या, पण आधी त्याला विचारा, ‘यातलं काम नंबर चार म्हणजे काय करायचं, तुम्ही सांगा.’ त्याने आपल्या शब्दांत सांगितलं की मगच सही.

## टप्पा ४: शिकवल्याची नोंद

प्रोबेशनमध्ये नापास झालेल्यांत एक मोठा गट असा असतो की ज्यांना ते काम कोणी शिकवलेलंच नसतं. ‘बघून बघून शिकेल’ या भरवशावर त्याला जुन्या माणसाच्या शेजारी उभं केलेलं असतं, आणि जुना माणूस त्याला चलनं फाइल करायला लावतो. त्यामुळे पहिल्या ३० दिवसांत आढावा त्याचा कमी आणि शिकवणाऱ्याचा जास्त असतो.

एका पानावर तक्ता ठेवा: काम, कोणी शिकवलं, कोणत्या तारखेला, करून दाखवलं का, एकट्याने करू दिलं ती तारीख. जीआरएन ४ जुलैला शिकवला, ९ जुलैला त्याने शेजारी बसून पाच केले, १५ जुलैपासून एकट्याने. ज्या रकान्यात तारीख नाही, त्या कामाबद्दल पुढे एकही उणा शेरा लिहिता येणार नाही, हा नियम स्वतःला लावून घ्या. सिस्टिमचा लॉगिन किती तारखेला मिळाला तेही लिहा. तीन आठवडे दुसऱ्याच्या लॉगिनवर काम केलं असेल, तर त्या काळातल्या चुका कोणाच्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तपासा (७ जुलै, दहा मिनिटं): ओळखपत्र, सेफ्टी शूज, लॉगिन, बँक खात्याचा तपशील, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) जोडला का? ‘प्रोबेशनमध्ये पीएफ कापत नाहीत’ हा गैरसमज अजून चालतो. पात्र कर्मचाऱ्याला पीएफ रुजू झाल्याच्या दिवसापासून लागू होतो. पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेत असेल आणि आस्थापनेला ईएसआय (कामगार विमा) लागू असेल, तर तोही.

## टप्पा ५: नोंदी लिहिणे, आणि त्या कशा लिहायच्या

सगळी प्रक्रिया या टप्प्यावर उभी आहे आणि सगळ्यात जास्त आळस इथेच होतो. सुपरवायझरने आठवड्याला पाच मिनिटं द्यायची, शनिवारी शिफ्ट संपताना. दोन-तीन ओळी पुरतात, पण त्यांत तारीख, घटना, परिणाम आणि त्यानंतर काय सांगितलं या चार गोष्टी हव्यात.

वाईट नोंद: ‘कामात लक्ष नाही. वारंवार चुका करतो.’

चांगली नोंद: ‘१२ ऑगस्ट. एम-८ बोल्टच्या चलनावर ५०० नग, जीआरएनही ५०० चा केला. लाइनला देताना ४८० निघाले. पेटी न मोजता चलनावरून आकडा घेतला होता. पुरवठादाराकडून २० नगांची डेबिट नोट मान्य व्हायला आठवडा गेला. वजनकाट्यावर नग कसे मोजायचे ते १३ तारखेला पुन्हा दाखवलं.’

दुसऱ्या नोंदीतून कारण कळतं, नुकसान किती ते कळतं आणि पुढच्या महिन्यात तीच चूक पुन्हा झाली का हे तपासता येतं. पहिल्या नोंदीतून फक्त सुपरवायझरचा मूड कळतो.

चांगल्या गोष्टीही याच पद्धतीने लिहा. ‘२ सप्टेंबर. रबर सीलच्या लॉटची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते हे स्वतःहून दाखवलं, तो लॉट आधी लाइनला गेला.’ फायलीत सलग चुकाच असतील तर वाचणाऱ्याला वाटतं की माणसाला काढायचं आधीच ठरलं होतं. बऱ्याचदा ते खरंही असतं.

काय लिहू नये, तेही स्पष्ट असू द्या. ऐकीव गोष्टी नकोत. ‘डबा खाताना कोणाबरोबर बसतो’ असल्या टिप्पण्या नकोत. जात, धर्म, गाव, लग्न, मूल होणं यांबद्दल एक अक्षर नको. गर्भवती कर्मचारी प्रोबेशनवर असली तरी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर तिला मातृत्व लाभ मिळतो, आणि त्या रजेत तिला कामावरून काढणं बेकायदा आहे. ‘आता ही किती दिवस टिकणार’ अशी नोंद फायलीत सापडली तर उरलेली फाइल कितीही नीट असली तरी उपयोग नाही.

इशारा: नोंदी व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवू नका. ग्रुपवर सगळ्यांसमोर चूक दाखवणं वेगळंच नुकसान करतं, आणि फोन बदलला की पुरावाही जातो.

## टप्पा ६: ३०, ६० आणि ९० व्या दिवसाची बैठक

वेळ अर्धा तास, ९० व्या दिवशी पाऊण. जागा दार बंद होणारी. स्टोअरच्या खिडकीपाशी उभ्या उभ्या घेतलेला आढावा हा आढावा नसतो. बैठकीआधी सुपरवायझरने नोंदी वाचायच्या, बिन मोजणी करून घ्यायची आणि जीआरएनच्या दुरुस्त्यांचा आकडा सिस्टिममधून काढायचा. आकडे हातात नसतील तर बैठक पुढे ढकला, पण दोन दिवसांपेक्षा जास्त नाही.

बोलण्याचा क्रम ठरलेला ठेवा: आधी त्याचं ऐका, मग आकडे, मग काय जमलं, मग काय अडलं, शेवटी पुढच्या महिन्यात काय. आधी आपण बोललो की समोरचा ‘हो सर’ म्हणत बसतो आणि खरं कारण आतच राहतं. एरवी त्याला ‘तू’ म्हणत असाल तर त्या दिवशी अचानक ‘तुम्ही’वर जाऊ नका, माणूस धसका घेतो.

इश्यूच्या नोंदी वेळेत होत नाहीत, असा आकडा आला आहे, असं धरा:

‘कुठे अडतंय असं वाटतं?’
‘इनवर्डचं जमतंय सर. इश्यूला घोळ होतो.’
‘कधी होतो?’
‘सेकंड शिफ्टला. लाइनवरचे लोक स्लिप न देताच माल उचलतात. मागितली तर उद्या देतो म्हणतात.’
‘हे कोणाला सांगितलंत?’
‘नाही सर. नवीन आहे, कशाला उगाच.’

एवढ्या संवादात दोन वेगळ्या गोष्टी सुट्या झाल्या. स्लिपशिवाय माल उचलला जातो, ही उत्पादन विभागाची शिस्त. ती त्याच्या खात्यावर टाकता येणार नाही, ती सुपरवायझरने सोडवायची. अडचण वर सांगितली नाही, हे मात्र त्याचं. दोन्ही बैठकीच्या कागदावर वेगवेगळ्या ओळींत, वेगवेगळ्या नावांपुढे लिहा. ‘इश्यू नोंदी: असमाधानकारक’ असं लिहून मोकळं झालं की पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

बैठकीचा कागद एका पानाचा. सहा कामं, प्रत्येकापुढे ‘जमलं’, ‘मदतीने जमतं’ किंवा ‘अजून नाही’, त्याचा पुरावा एका ओळीत, आणि पुढच्या तारखेपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गोष्टी. त्याचं म्हणणं लिहायला चार ओळी मोकळ्या सोडा आणि त्या त्याच्याकडूनच भरून घ्या, हव्या त्या भाषेत. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला. सही करायला नकार दिला तर जबरदस्ती नको. ‘वाचून दाखवलं, सही करण्यास नकार’ असं लिहून एचआरच्या प्रतिनिधीची सही घ्या, आणि त्याच दिवशी त्याच्या ईमेलवर प्रत पाठवा.

तपासा: ९० व्या दिवशी सुपरवायझरला एकच प्रश्न विचारा, ‘आज निर्णय द्यायचा असता तर काय दिला असता?’ उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर नोंदी कमी पडताहेत. उत्तर ‘ठेवला नसता’ असेल तर ते कर्मचाऱ्याला त्या दिवशीच समजलं पाहिजे. डिसेंबरमध्ये धक्का बसणं ही आढाव्याची नापासी आहे.

## टप्पा ७: मागे पडलेल्यासाठी सुधारणेची मुदत

९० व्या दिवशी दोन किंवा अधिक कामं ‘अजून नाही’मध्ये असतील तर लेखी सुधारणा योजना द्या. सहा आठवडे, म्हणजे २८ सप्टेंबर ते ९ नोव्हेंबर. चार आठवडे कमी पडतात, कारण त्यातला एक आठवडा समजून घेण्यात जातो आणि दिवाळीचे चार-पाच दिवस कामाचे नसतात.

योजनेत एक-दोनच कामं घ्या. शिल्लक जुळत नसेल तर: रोज पाच बिन मोजायच्या, तफावत आली तर त्याच दिवशी तिचं कारण शोधून लिहायचं, शुक्रवारी सुपरवायझरबरोबर दहा मिनिटं बसायचं. कारखान्याने काय द्यायचं तेही त्याच कागदावर: वजनकाट्याची दुरुस्ती, सेकंड शिफ्टला मदतनीस, जुन्या माणसाचे आठवड्याला दोन तास. कारखान्याच्या बाजूचं पाळलं गेलं नाही तर योजना नापास झाली असं म्हणायचा अधिकार राहत नाही.

ज्या कामात आधी ठीक होता त्यात अचानक घसरण झाली असेल, तर योजना देण्याआधी विचारपूस करा. शिफ्ट बदलली, बस बंद झाली, घरी आजारपण आहे, अशी कारणं निघतात आणि त्यांवर उपाय वेगळा असतो.

## टप्पा ८: १५० वा दिवस आणि निर्णय

२७ नोव्हेंबरच्या आढाव्यात नवी तक्रार काढायची नाही. ज्याबद्दल आधीच्या तीन बैठकांत एकदाही लिहिलेलं नाही, ते निर्णयाचं कारण होऊ शकत नाही. अपवाद फक्त खरोखर नव्याने घडलेल्या गोष्टीचा.

निर्णयाच्या बैठकीत सुपरवायझर, विभागप्रमुख आणि एचआर. सुपरवायझरची शिफारस, तिला आधार देणारी पानं, आणि विभागप्रमुखाने उलट बाजूने विचारलेले प्रश्न. पर्याय तीनच आहेत.

कायम करणे. सहाही कामं ‘जमलं’ हवीत असं नाही. पाच जमली आणि सहावं मदतीने जमत असून सुधारतंय, तर कायम करा. पाच नंबरचं रिजेक्ट मालाचं काम मात्र ‘अजून नाही’ असेल तर नाही. कारण ती चूक ग्राहकाच्या लाइनवर जाऊन फुटते.

मुदतवाढ. ही दोनच कारणांनी द्यावी. एक, पाहायला वेळच मिळाला नाही: लांब आजारपण, अपघात, मध्येच सुपरवायझर बदलला, नवी सिस्टिम आली. दोन, सुधारणा आकड्यांत दिसते आहे पण रेषेपर्यंत पोहोचलेली नाही, म्हणजे २० पैकी १२ वरून १६ वर आला आहे. ‘नाही म्हणायला जड जातं’ म्हणून मुदतवाढ देऊ नका. तीन महिन्यांनी तेच सांगायचं असतं, फक्त जास्त अवघड होऊन. पत्रात अधिकार असेल तरच, एकदाच, आणि ३१ डिसेंबरच्या आत पत्र हातात. मुदत संपल्यावर मागची तारीख घालून दिलेली मुदतवाढ टिकत नाही. आणि २५ फेब्रुवारी विसरू नका: दीड महिन्याची वाढ १५ फेब्रुवारीला संपते, त्या रेषेच्या अलीकडेच.

कायम न करणे. इथे एक फरक कटाक्षाने पाळा. काम जमत नाही म्हणून कायम न करणं वेगळं. चोरी, मारहाण, खोटं चलन अशा आरोपावरून काढणं वेगळं. दुसऱ्या बाबतीत आरोपपत्र, खुलासा, चौकशी हा मार्ग आहे. चौकशी टाळण्यासाठी ‘प्रोबेशन समाधानकारक नाही’ अशा साध्या पत्राआड गैरवर्तनाची शिक्षा लपवली, तर न्यायालय पत्राचा पडदा बाजूला करून खरं कारण पाहतं.

## टप्पा ९: पत्र

कायम केल्याच्या पत्रात तारीख, पद, पगारात बदल असल्यास तो, आणि नोटीसचा नवा कालावधी. चार ओळी बास. ते प्रत्यक्ष द्या, मेलवर ढकलून देऊ नका.

कायम न करण्याच्या पत्राची भाषा साधी ठेवा:

‘आपला परिवीक्षा कालावधी दिनांक ३१ डिसेंबर रोजी संपत आहे. या कालावधीतील आपले काम पदासाठी अपेक्षित मापदंडापर्यंत पोहोचले नसल्याने आपणास सेवेत कायम करण्यात येत नाही. नेमणूक पत्रातील संबंधित कलमानुसार आपली सेवा सदर दिनांकास कामकाजाच्या वेळेनंतर समाप्त होईल.’

यापुढे एक विशेषणही नको. ‘बेजबाबदार’, ‘अविश्वासू’, ‘वारंवार समज देऊनही’ असं काही लिहिलं की पत्र माणसावर ठपका ठेवतं आणि चौकशीशिवाय ठपका ठेवल्याचा मुद्दा उभा राहतो. काम असमाधानकारक म्हटल्याने तेवढ्यावर ठपका बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या पवनेंद्र नारायण वर्मा प्रकरणात मानलं. मात्र १९९९ च्या दीप्ती प्रकाश बॅनर्जी निकालानुसार ठपका पत्राला जोडलेल्या किंवा पत्रात उल्लेख केलेल्या कागदांतूनही येऊ शकतो. म्हणून ‘दिनांक अमुकच्या अहवालानुसार’ अशी शेपटी लावताना तो अहवाल पुन्हा वाचा. ही दोन्ही प्रकरणं सार्वजनिक संस्थांमधली आहेत, पण खासगी कारखान्यानेही हेच पथ्य पाळण्यात तोटा काही नाही.

पत्र सोमवार ते गुरुवारच्या दरम्यान, सकाळी द्या. शनिवारी संध्याकाळी पत्र हातात ठेवून निघून गेलं की त्याला प्रश्न विचारायला कोणी सापडत नाही. बैठक पंधरा मिनिटांची. निर्णय पहिल्या दोन वाक्यांत सांगा, कारण म्हणून आढाव्याच्या कागदावरचेच आकडे सांगा, वाद घालू नका आणि ‘वरून आलंय, माझ्या हातात काही नाही’ हेही म्हणू नका.

## टप्पा १०: हिशेब आणि फाइल

कामावरून कमी केलेल्याची देणी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागतात. फुल अँड फायनल, म्हणजे अखेरचा हिशेब, पंचेचाळीस दिवसांनी ही प्रथा सोयीची असली तरी पगाराच्या रकमेला लावता येत नाही. ३१ डिसेंबर शेवटचा दिवस असेल तर २८ तारखेपर्यंत हजेरी, ओव्हरटाइम, शिल्लक रजा आणि ॲडव्हान्स यांचा मेळ घालून ठेवा. अनुभव पत्रात पद आणि कालावधी लिहा. ‘प्रोबेशनमध्ये कमी केले’ हे त्यात लिहायचं कारण नाही. स्टोअरच्या बाबतीत निघण्याआधी किल्ल्या, लॉगिन आणि संयुक्त बिन मोजणी उरकून घ्या, दोघांच्या सह्यांनी. नंतर सापडलेली प्रत्येक तूट त्याच्याच नावावर लिहायचा मोह सगळ्यांना होतो.

फायलीत क्रमाने: नेमणूक पत्र, सहा कामांचा सही केलेला तक्ता, शिकवल्याची नोंद, आठवड्याच्या नोंदी, बैठकांची पानं, सुधारणा योजना असल्यास ती, निर्णयाचं टिपण, पत्राची पोच. कायम झालेल्याची फाइलही अशीच पूर्ण ठेवा. दोघांची तुलना मागितली गेली तर एकाची फाइल जाड आणि दुसऱ्याची रिकामी, असं दिसता कामा नये. आणि १ जानेवारीला सहा कामांचा तो तक्ता पुन्हा काढा: २० बिनचा आकडा योग्य होता का, वजनकाट्याचं प्रशिक्षण पहिल्या आठवड्यात यायला हवं होतं का, ते पेन्सिलने तिथेच लिहा. पुढचा माणूस रुजू होईल तेव्हा तोच कागद लागणार आहे.